राजाच्या मोटारीतला सरडा

एका जंगलात रस्ता नव्हता, पण मोटार होती.

असं कसं, म्हणून विचारू नका. ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत पण पुस्तकांचं कपाट आहे, अशी मोठी माणसं तुम्ही पाहिलेली आहेत. तसंच हे. मोटार आधी आली. मग ती चालवायला रस्ता केला. रस्ता कुठेतरी पोचायला हवा म्हणून डोंगराच्या माथ्यावर एक तळं बांधलं. आणि तळं बांधलंच आहे तर पाणी खाली यावं म्हणून एक पाट खणला. त्या जंगलाची सगळी प्रगती अशी मोटारीच्या मागून चालत आली.

मोटार महाराजांची होती. महाराजांचं नाव धिप्पाडराव. जातीने गवा. त्यांनी नुसता श्वास सोडला तरी समोर बसलेल्यांचे कान हलायचे. मोटारही आपल्यासारखीच दमदार श्वासाची हवी, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून तिला सुपरचार्जर बसवलेला होता. जंगलात त्याला सगळे भाता म्हणायचे, आणि त्यात काही चूक नव्हती. साधी मोटार नाकाने येईल तेवढी हवा घेते. भात्याची मोटार हवा दाबून दाबून इंजिनात कोंबते, तुमची आत्या ‘हा शेवटचा घास’ म्हणत भात कोंबते तशी. घास मोठा, म्हणून जोर मोठा.

पण हवेचा एक स्वभाव आहे. तिला दाबलं की ती तापते. खोटं वाटत असेल तर सायकलला हवा भरल्यावर पंपाला हात लावून बघा. तापलेली हवा फुगते, मग कितीही कोंबा, थोडीच मावते. वर तिच्यामुळे इंजिनात पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि इंजिन खटखट वाजायला लागतं. म्हणून अशा मोटारीच्या नाकाशी एक जाळी बसवतात. भात्यातली गरम हवा त्या जाळीतून फिरते, बाहेरून जाळीला वारा लागतो, हवा गार होते आणि मग इंजिनात जाते.

तर गार जाळीला वारा लागला पाहिजे. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. त्या जंगलातही ती सगळ्यांच्या लक्षात होती. तरी काय झालं ते आता ऐका.

पाट हिवाळ्यातच खणून झाला होता. तळं काठोकाठ भरलं होतं. तळ्याच्या दारावर लाल फीत बांधून ठेवली होती. महाराजांनी मोटारीतून यायचं, फीत कापायची, मग पाणी सुटायचं, असं ठरलं होतं. फीत बांधल्यावर महाराजांना सर्दी झाली. मग मुहूर्त नव्हता. मग उन्हाळा आला. खाली जंगलात ओढे आटले, डबकी आटली, हरणं ओले दगड चाटत फिरू लागली. वरचं पाणी मात्र तळ्याच्या मागच्या बांधावरून ओसंडून दरीत पडत होतं. ते कोणी प्यायचं नव्हतं, कारण त्याचं उद्घाटन झालेलं नव्हतं.

शेवटी महाराज निघाले. दुसऱ्याच वळणावर मोटार आपणहून हळू झाली आणि काही केल्या वेग घेईना. चालवायला काटे मिस्तरी होता. हा साळिंदर. त्याच्या पाठीवर हवा तो स्क्रू पिळायला हवा तो काटा निघायचा, म्हणून मोटार दुरुस्त करायची त्यानेच आणि चालवायचीही त्यानेच. मोटार हळू कोणी केली, असं महाराजांनी विचारलं. काटे म्हणाला की हवेच्या नळीत एक सेन्सर बसवलेला आहे, हवा फार तापली की तो इंजिनाला दमानं घ्यायला सांगतो. आम्हाला न विचारता, असं महाराज म्हणाले. न विचारता, असं काटे म्हणाला. महाराजांनी तो सेन्सर तिथल्या तिथे उपटायला लावला आणि हद्दपार केला.

मग मोटार सुरूच होईना. नळीत कोणी ताप सांगणारा नसेल तर ते इंजिन हलायचंच नाही, अशी तिची बनावट होती.

आता नारबाकडे येऊ.

नारबा सरडा जंगलाच्या कुंपणावर राहायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण नुसतं म्हणतो. त्या जंगलात तो कायदा होता. सरड्याने कुंपणावर बसावं, आत उतरू नये. पंचांपुढे सरड्याची साक्ष चालत नसे. का, तर सरडे रंग बदलतात, त्यांचा भरवसा काय.

नारबाला याचं मनापासून वाईट वाटायचं. कारण रंग बदलणं हाच त्याचा खरेपणा होता. ऊन लागलं की तो तांबडा व्हायचा. सावलीत गेला की हिरवा. बायकोवर जीव आला की गळ्याशी थोडासा निळा. आत जे असेल ते बाहेर दिसायचं, लपवायची सोयच नव्हती. आत एक आणि बाहेर एक असं ज्यांना जमायचं ते सगळे कुंपणाच्या आत राहत होते, आणि त्यांचा रंग जन्मभर एकच होता.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. हौसाच्या पोटात अंडी होती. सरडीला अंडी घालायला ओली, भुसभुशीत माती लागते. कुंपणाखालची माती उन्हाने दगड झाली होती. हौसा रोज उकरायची, तिची नखं झिजली, पण बोटभर खळगा झाला नाही. मागच्या उन्हाळ्यात तिने कुंपणाच्या एका खांबाशी अशाच कोरड्या जागी अंडी घातली होती आणि ती सगळी आतल्या आत सुकून गेली होती. त्या खांबाकडे दोघंही बघत नसत.

आत पाटाला पाणी सुटलं की पाटाच्या काठाची माती ओली होणार, हे दोघांना माहीत होतं. ती कुंपणाच्या आत असणार, हेही माहीत होतं.

“म्हाराजांना चार पाय हायत न्हवं?” हौसाने एकदा विचारलं. “मग चालत जाऊन फीत कापायला काय हुतंय?”

नारबाने तिला गप्प केलं. पाय असणं वेगळं आणि पायी जाणं वेगळं, राजाचं तसंच असतं, असं त्याने तिला समजावलं. त्याला स्वतःला ते समजलं नव्हतं. तेवढ्यापुरता तो पिवळा पडला होता.

एके दुपारी काटे मिस्तरी कुंपणाखाली भाकरी खायला बसला. वर नारबा बसला होता. झाडाची सावली सरकली आणि नारबा शेपटीकडून तांबडा होत गेला. पुन्हा फांदी हलली, सावली आली, आणि तो तिथून पुन्हा हिरवा झाला. काट्याच्या हातातली भाकरी हातातच राहिली. त्याने नारबाला उचलून तापल्या दगडावर ठेवलं, मग माठाच्या बुडाला चिकटवलं, मग पुन्हा दगडावर. रंगात एकदाही चूक झाली नाही.

दुसऱ्या दिवशी नारबाची राजतापदर्शक म्हणून नेमणूक झाली. काट्याने हवेच्या नळीत त्याच्यासाठी जागा केली आणि नळीला काचेची एक छोटी खिडकी बसवली. नारबाने आत बसायचं. हवा गार असली तर हिरवं राहायचं, तापली तर तांबडं व्हायचं. काट्याने खिडकीतून बघून पाय सैल सोडायचा. आतली गोष्ट बाहेर दाखवायचा पगार मिळेल, असं नारबाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो गळ्यापासून पोटापर्यंत निळा होता.

मग महाराज पुन्हा निघाले.

आता त्या रस्त्याचं सांगायला हवं. प्रत्येक वळणावर एकेका कळपाने स्वागताची कमान उभारली होती. पहिली हरणांची. तिथे मोटार थांबली. हरणांनी मोटारीच्या नाकावर झेंडूचा हार घातला, तो बरोबर गार जाळीवर बसला. मग पाच हरिणी निरांजन घेऊन पुढे आल्या आणि मोटारीला ओवाळू लागल्या. ज्या तोंडातून मोटार श्वास घेते त्याच तोंडापुढे निरांजन गोल गोल फिरलं. वर कापूर. मोटार तो सगळा धूर आणि जाळ आनंदाने आत ओढत होती. आणि इतका वेळ इंजिन चालूच होतं, कारण महाराजांची मोटार बंद पडली असं चारचौघांत दिसायला नको.

पुढच्या वळणावर रानडुकरांची कमान. त्यांना हरणांपेक्षा मोठा हार घालणं भाग होतं. त्यापुढे माकडांची. त्यांनी हारावर शाल पांघरली. मोरांनी नारळ फोडून त्याच्या शेंड्या जाळीत खोचल्या, त्यांच्यात तशी पद्धत होती.

आत नारबा आधी पोपटी झाला, मग पिवळा, मग शेंदरी. मोरांच्या कमानीपाशी तो विटेसारखा झाला होता आणि त्याला घेरी येत होती. काट्याने खिडकीतून बघितलं आणि मोटार थांबवली. महाराजांना उलट फिरावं लागलं. फीत वर तशीच राहिली.

प्रधान होता तरसोजी. हा तरस. तरसांचं तुम्हाला माहीत आहेच, त्यांना वाईट बातमी कळली तरी हसूच येतं. त्यामुळे प्रधानकी त्याला फार शोभायची. त्याने उपाय सुचवण्यासाठी दवंडी पिटली.

उपाय खूप आले. ऊन लागू नये म्हणून नळीत पांढरा कांदा ठेवून झाला. नाकाशी वाळ्याचे पडदे बांधून झाले, ते वाळले आणि वारा आणखीच अडला. बॉनेटवर चंदन लावलं. पेट्रोलच्या टाकीत कैरीचं पन्हं ओतायला माकडं निघाली होती, त्यांना काट्याने काटे उभारून अडवलं. एका म्हाताऱ्या सांबराने सांगितलं की मोटारीला दृष्ट लागली आहे, म्हणून नाकाशी लिंबू आणि मिरच्या टांगल्या. हवा काही गार झाली नाही. नारबा दर वेळी आत बसायचा आणि कांद्याच्या वासाने डोळे पुसत पुसत तांबडा व्हायचा.

मग सभा भरली. तुम्हाला वाटेल, खरं कारण कोणाला ठाऊक नसेल. तसं अजिबात नव्हतं. हार जाळीवर येतो, वारा अडतो, निरांजनाची धग आत जाते आणि उभ्या उभ्या इंजिन तापतं, हे काट्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हरणं म्हणाली, खरं आहे, रानडुकरांचा हार फार मोठा होता. रानडुकरं म्हणाली, शाल कोणी घातली ते विचारा. माकडांनी मोरांकडे बोट दाखवलं. आपला हार कमी करायला मात्र कोणी तयार होईना. महाराज म्हणाले की आम्हाला हारांची हौस नाही, पण लोकांचं मन मोडवत नाही. हे ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावले. त्या जंगलात तेवढंच पाणी उरलं होतं.

सभा संपल्यावर तरसोजी एकटाच नारबापाशी आला.

“हवा गार करायची तर सगळे कळप दुखावतात,” तो हसत म्हणाला. “तुला गार केलं तर कोण दुखावतं?”

नारबाने बराच विचार केला. त्याला कळप नव्हता. कोणीच दुखावत नाही, असं त्याने सांगितलं.

“मग झालं तर. तू हिरवा राहा.”

नारबा म्हणाला की हवा तापलेली असताना हिरवं राहणं हे खोटं होईल. तरसोजी म्हणाला, छे, छे, ही स्थिरता आहे. रंग बदलू नये असंच तर जंगल इतकी वर्षं सरड्यांना सांगत आलंय. आणि मग त्याने हळूच पुढचं सांगितलं. मोटार माथ्यावर पोचली, फीत कापली गेली, की पाटाच्या काठाची हातभर माती नारबाच्या नावावर. ओली माती. हौसाने तिथे अंडी घालावीत. कायद्याचं प्रधान बघून घेतील.

तो हातभर मातीचा तुकडा नारबाला समोर दिसू लागला. त्याने हो म्हटलं.

शिकणं सोपं नव्हतं. नारबा रोज भर दुपारी तापल्या दगडावर बसायचा आणि हिरवं राहायचा प्रयत्न करायचा. आधी शेपूट दगा द्यायची. मग गळा. मग त्याला युक्ती सापडली. डोळे मिटून तो ओल्या मातीचा विचार करायचा. तिचा वास, तिच्यात हौसाचे पाय रुतलेले, खाली एका ओळीत ठेवलेली अंडी. हा विचार पक्का धरला की अंग भाजत असलं तरी रंग हलत नसे. आठवड्याच्या आत तो तव्यासारख्या दगडावर पालवीसारखा हिरवागार बसू लागला. तरसोजीने येऊन टाळ्या वाजवल्या.

हौसा कुंपणावरून बघत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

“भाजत न्हाई व्हय तुम्हाला?” तिने विचारलं.

भाजतंय की, असं नारबा म्हणाला.

“मग मला कळायचं कसं?”

नारबाने तिला मातीचं सांगितलं. आपल्या पोरांसाठीच करतोय, असं सांगितलं. तिच्या पोटातली अंडी आता बाहेरून मोजता येतील इतकी वर आली होती आणि तिच्याकडे दुसरी जागा नव्हती.

तिसऱ्या खेपेला महाराज वाजतगाजत निघाले. निघण्याआधी नारबाचा सत्कार झाला. त्याच्या मापाची एक शाल त्याला पांघरली आणि शालीसकट नळीत बसवलं. राजतापदर्शकाची सौभाग्यवती म्हणून हौसाला त्या दिवसापुरतं कुंपणाच्या आत यायची परवानगी होती. ती शेवटच्या कमानीपाशी उभी राहिली, कारण तिथून तळं जवळ होतं.

हरणांनी हार घातला. रानडुकरांनी त्याहून मोठा घातला. माकडांनी या वेळी दोन शाली आणल्या होत्या. निरांजनं फिरली, कापूर जळला, नारळाच्या शेंड्या खोचल्या गेल्या. इंजिन उभ्या जागी गुरगुरत राहिलं. नळीतली हवा अशी झाली की नारबाच्या शालीचे दोरे करपू लागले. त्याने डोळे मिटले आणि ओली माती धरून ठेवली.

काट्याने खिडकीतून पाहिलं. हिरवा. त्याने पाय दाबला.

मोरांच्या कमानीनंतर चढ खडा होता. तिथे खटखट सुरू झाली. काट्याच्या कानांना ती नीट ऐकू आली. त्याने पुन्हा खिडकीत पाहिलं. सरडा हिरवा होता. आता कान आपले असतात आणि रंग सरकारी असतो, त्यामुळे काट्याने कानांचं ऐकलं नाही. मागून महाराजांनी विचारलं की हा आवाज कसला. तरसोजी हसून म्हणाला की इंजिन टाळ्या वाजवतंय.

तरीही काटे साधा नव्हता. त्याने एक काटा काढून काचेवर टकटक केलं आणि डोळ्यांनीच विचारलं, खरंच का रे?

नारबाने डोळे उघडले. त्या क्षणी तो तांबडा झाला असता तर काट्याने पाय उचलला असता. मोटार थांबली असती, फीत तशीच राहिली असती आणि माती गेली असती. नारबाला हे सगळं दिसलं. काचेपलीकडे, वळणावर शेवटची कमान दिसत होती आणि तिच्याखाली पोट सावरत उभी असलेली हौसाही.

तो हिरवाच राहिला.

कमानीपाशी पोचता पोचता इंजिन फुटलं. आवाज असा झाला की मोरांची पिसं गळली. नारबा नळीतून उलटा उडाला, हार, शाली, शेंड्या सगळं भेदून बाहेर आला आणि हौसाच्या शेजारी उभ्या असलेल्या सांबरिणीच्या ओवाळणीच्या ताटात पडला. शेपटीचं टोक जळलं होतं. मिशा नव्हत्याच, असत्या तर त्याही गेल्या असत्या. पण तो हिरवा होता. मोटारीच्या नाकातून वाफ सुटली, रेडिएटर फाटला आणि त्यातलं सगळं पाणी भळाभळा खालच्या मातीत सांडलं. तळं अगदी समोर होतं. महाराजांनी मान लांब केली असती तर फीत दातांनी तोडता आली असती, असं म्हणायला हरकत नाही.

चौकशी तिथेच झाली. हवा तापली होती का, असं तरसोजीने विचारलं. सगळ्यांनी नारबाकडे पाहिलं. तो ताटात, कुंकवात आणि अक्षतांत, हिरवागार बसला होता. म्हणजे हवा गार होती. म्हणजे हारांचा दोष नव्हता. म्हणजे कोणाचाच नव्हता. इंजिन आनंदाने फुटलं, असं ठरलं. सगळ्या कळपांनी सुटकेचा श्वास टाकला.

राहता राहिलं उद्घाटन. समोरच आहे, महाराजांनी चार पावलं चालावं, असं काटे पुटपुटला. तरसोजीने त्याला बाजूला घेतलं. महाराज मोटारीतून उतरून पायी गेले तर लोक काय म्हणतील? पायउतार झाले म्हणतील. तेव्हा माकडांना वर पाठवून फीतच खाली आणवली. ती मोटारीच्या नाकावर बांधली. महाराजांनी बसल्या जागेवरून ती कापली. भाषण झालं. कोरड पडलेल्या घशांनी सगळ्यांनी जयजयकार केला. तळ्याचं दार उचलायला कोणी नव्हतं, कारण कार्यक्रमात फक्त फीत होती.

पाटाच्या काठाची हातभर माती नारबाच्या नावावर त्याच वेळी झाली. तरसोजी शब्दाचा पक्का होता. माती कोरडी ठणठणीत होती.

नारबा ती बघायला गेला. त्याने एक पाय मातीवर ठेवला, दुसरा ठेवला, आणि तिथेच उभा राहिला. त्याला रडू आलं होतं. पण रंग हलला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

परत आला तर हौसा जागेवर नव्हती. ती मोटारीखाली होती. रेडिएटरच्या पाण्याने तिथली माती लोण्यासारखी मऊ झाली होती, आणि कोणाची परवानगी न विचारता तिने खळगा करून अंडी घालून टाकली होती. वर मेलेल्या मोटारीची सावली. बाजूला इंजिनाची मंद ऊब, कारण ते कित्येक दिवस पुरतं गार होईना. ना फार गरम, ना फार गार. त्या मोटारीला जन्मभर जे जमलं नाही ते मेल्यावर जमलं. एक अंडं वाया गेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. तळ्याचं दार अजून उघडलेलं नाही. रोज पहाटे सगळं जंगल गुपचूप डोंगर चढतं, मागच्या बांधावरून ओसंडणारं पाणी पितं आणि परत येतं. महाराजही जातात, पायीच जातात, आणि सगळ्यांच्या आधी पोचतात. पण ते खासगी. सगळे एकमेकांकडे पाठ करून पितात.

नारबाचं नाव झालं. कायद्यात दुरुस्ती होऊन सरड्याची धाव मोटारीपर्यंत करण्यात आली. पंचांपुढे आता त्याचीच साक्ष चालते. कोणाच्याही भांडणात त्याला आणून बसवतात, तो हिरवा असतो, आणि सगळं आलबेल आहे असा निवाडा होतो. उरलेला वेळ तो मोटारीच्या बॉनेटवर बसून असतो. येणारेजाणारे आपल्या पोरांना तो दाखवतात.

पोरं अंड्यांतून बाहेर आली त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. हौसाने खालून विचारलं.

“अवो, पत्रा तापलाय का? पोरांना वर धाडू?”

नारबाने आपल्या हातांकडे पाहिलं. हात हिरवे होते. पायांकडे पाहिलं. तेही हिरवे. भाजत होतं का? त्याने आठवायचा प्रयत्न केला. पूर्वी त्याला हे विचारावं लागत नसे.

“न्हाई,” तो म्हणाला. “धाड.”

पोरं तुरुतुरु वर आली. पहिलं पाऊल पत्र्यावर पडलं आणि सगळीच्या सगळी लालभडक झाली, किंचाळत उड्या मारत खाली आईच्या पोटाशी शिरली. हौसाने त्यांचे पाय एकेक करून ओल्या मातीत धरले. मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. तो तापल्या पत्र्यावर बसला होता, गार, हिरवा आणि सुंदर.

त्या दिवसानंतर तिने त्याला काही विचारलं नाही. उन्हाचं काही जाणायचं असलं की ती पोरांकडे बघते.

तात्पर्य: मुलांनो, रंग बदलणाऱ्यांवर कधीही विश्वास ठेवू नका. ते खरं बोलत असण्याचा फार मोठा धोका असतो.